मागे चालत उघडलेला पडदा

माझी धाकटी बहीण शाळेत शिपाई आहे. वर्ग उघडणं, घंटा देणं, फरशी पुसणं ही तिची रोजची कामं. पण मुलं तिला ओळखतात ती पडद्यामुळे. वर्षाच्या शेवटी गॅदरिंग असतं, तेव्हा रंगमंचाचा पडदा ती ओढते. म्हणून तिचं नाव पडलं पडदामावशी. शाळा सोडून गेलेली, मिशा फुटलेली मुलंसुद्धा रस्त्यात तिला याच नावाने हाक मारतात. ती चालता चालताच विचारते, ‘तू कुठल्या नाटकातला रे?’

मी यार्डात जड यंत्रं हलवायचो. दोर, साखळ्या आणि कप्प्या यांत जन्म गेला. आता घरी बसून असतो. तिची गोष्ट मी सांगतोय ती भाऊ म्हणून कमी आणि दोरावरचा माणूस म्हणून जास्त. भावाला बहिणीचं सगळंच चांगलं दिसतं. दोराचं तसं नसतं. ताण असला तर असतो, नसला तर नसतो.

शाळा पाचवी ते आठवीची आहे. म्हणजे मुलं ना धड लहान, ना धड मोठी. वर्षाच्या सुरुवातीला शिवलेली पँट शेवटी घोट्याच्या वर गेलेली असते. परीक्षा जवळ आली की बाहेरच्या फळ्यावर कार्यक्रमांची यादी लागते. मैदानी खेळ, हस्तकलेचं प्रदर्शन, वर्गावर्गाचे फोटो, मग गॅदरिंग, त्याच दिवशी बक्षिसं आणि आठवीला निरोप. यादी लागली की मुलं फळ्यासमोर उड्या मारतात. माझी बहीण तीच यादी वेगळी वाचते. खेळ म्हणजे मैदानावर फक्कीच्या रेघा आणि पाण्याचे पिंप. प्रदर्शन म्हणजे वरच्या मजल्यावरची टेबलं खाली. फोटो म्हणजे वर्गातली बाकं मैदानात न्यायची आणि ऊन उतरलं की परत आणायची. गॅदरिंग म्हणजे पडदा. बाकी सगळं ती अंग मोडून करते, पण पडद्याची वाट बघते.

का, ते तिने मला एकदा सांगितलं होतं. पुसलेली फरशी मधल्या सुट्टीपर्यंत टिकते. घासलेला माठ कुणी बघत नाही. तिच्या हातून झालेलं आणि सगळ्यांनी एकाच वेळी बघितलेलं असं काम वर्षात एकच, पडदा उघडणं.

पडद्याचा दोर तिच्या हातात आला त्याचीही हकीकत आहे. ती शाळेत नवीन होती. पडद्याचं काम तेव्हा एका जुन्या शिपायाकडे होतं. गॅदरिंगच्या दिवशी तो आयत्या वेळी चहा प्यायला गेला. पेटी सुरू झाली, पडदा बंदच. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. हिने बादली खाली ठेवली, दोर धरला आणि ओढला. तो परत आला तेव्हा दोर हिच्या हातात होता. त्याने मागितला. हिने दिला नाही. पुढच्या वर्षीही दिला नाही.

पडदा जुना, मखमली, मधोमध उघडणारा. एकच दोर वरच्या कप्प्यांतून फिरून विंगेत खाली येतो. एक पदर ओढला की उघडतो, दुसरा ओढला की बंद होतो. सोपं वाटतं. पण मखमल दर वर्षीची धूळ खाऊन जड होते आणि ओढायचा तो पेटीच्या तालावर. फार जोरात ओढला तरी फसगत. तिची मुलगी सहावीत असताना एका नाटकात झाड झाली होती. आईने उत्साहात पडदा असा काही उघडला, की झाड अजून फांद्या अडकवत होतं आणि तोंडात टाचणी होती. ती मुलगी आता दुसऱ्या गावी नर्स आहे. अजून आईला ते ऐकवते.

या वर्षी थंडीत माझी बहीण शाळेच्या जिन्यावरून बादलीसकट पडली. उजवा खांदा गेला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायला मान खाली घालावी लागायची. डॉक्टर म्हणाले, आला एवढा आला यात समाधान माना. मुलगी फोनवर रोज म्हणायची, आई, आता पुरे. बहीण रोज हो म्हणायची आणि फोन ठेवून कामाला जायची.

फळ्यावर यादी लागली त्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला खोलीत बोलावलं. बाई वाईट नाहीत. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की या वर्षी पडदा राहू दे. मंडपवाल्याकडे मोटर असते, बटण दाबलं की पडदा आपोआप उघडतो. तुम्ही पुढच्या रांगेत बसा, आरामात बघा. बहिणीने विचारलं, मोटर फक्त या वर्षी का? बाई म्हणाल्या, ते पुढचं पुढे बघू.

बहीण तिथून तडक माझ्याकडे आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली. म्हणाली, “दादा, दोर एकदा हातातून गेला की परत मिळत नाही. मी कुणाला दिला होता?”

मोठ्या बाईंकडून तिने एक कबूल करून घेतलं होतं. तालमीत तिने पडदा वेळेत उघडून दाखवला, तर मोटर येणार नाही. नाही दाखवता आला, तर तिने परत विषय काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी विंगेत गेलो. दोर ओढून पाहिला. वजन बरंच होतं. ती पूर्वी हात डोक्याच्या वर नेऊन लांब ओढ घ्यायची. आता हात छातीपाशीच थांबत होता. छातीपासून कमरेपर्यंतच्या तोकड्या ओढींनी पडदा हिसके खात होता. मला वाटलं, वजन कमी केलं की झालं. मी घरून जुनी कप्पी आणली आणि दोराला फिरती लावली. फिरत्या कप्पीने हाताला वजन निम्मं लागतं. तिने ओढून बघितलं. एका हाताने, हसत हसत पडदा सरकला. मी हात झटकले आणि घरी आलो. आमच्या हिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं.

झालं नव्हतं. पहिल्या तालमीला मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. सहावीच्या मुलांचा समुद्राचा नाच होता. कागदाचे मासे, कापडाच्या लाटा आणि मधोमध एक आठ पायांचा प्राणी. गाण्याच्या बाईंनी पेटी सुरू केली. पडदा उघडू लागला. अगदी सुंदर उघडत होता, एक हिसका नाही. पण मुंगीच्या पावलांनी. आधी आठ पायांचा प्राणी दिसला. मग बराच वेळ तो एकटाच दिसत राहिला. कडेचे मासे पहिलं कडवं संपेपर्यंत पडद्याआडच नाचत होते, कापडाखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते. समोर बसलेली सातवीची मुलं लोळायची बाकी राहिली. गाण्याच्या बाईंनी पेटीवरचे हात उचलले आणि विचारलं, “मावशी, गाणं आदल्या दिवशी सुरू करू का?”

चूक माझी होती आणि ती आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो अशी होती. वजन निम्मं झालं की दोर दुप्पट ओढावा लागतो. हे मला झोपेतही पाठ आहे. पण यार्डात ते कधी अडचणीचं वाटलं नाही. तिथे यंत्र जितकं सावकाश हलेल तितकं चांगलं. घाई केली की कुणाचा तरी पाय जातो. साऱ्या जन्मात मला कुणी ‘लवकर उचल’ म्हटलं नव्हतं. मी वजनाचा विचार केला, वेळेचा केलाच नाही.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, आठवड्याच्या शेवटी पूर्ण पोशाखातली तालीम आहे. तोवर बघा. त्यानंतर मला मंडपवाल्याला सांगावं लागेल.

संध्याकाळी बहीण आमच्या घरी आली. चहा समोर आला, तिने कपाला हात लावला नाही. आमची ही म्हणाली, अगं, तुझ्या दादाने चांगल्यासाठीच केलं. बहीण म्हणाली, “ते माहीत आहे, वहिनी. पण हलकं कर असं मी म्हटलं होतं का? जड चालेल मला. उशीर चालणार नाही.”

मी म्हटलं, तुझा हात वर जात नाही, त्याला मी काय करू?

“मग हाताने कशाला ओढायचं?” ती म्हणाली.

मी विचार करू लागलो. दोर वरून खाली येतो म्हणून हात वर न्यावा लागतो. तोच दोर जमिनीपाशी आणखी एका कप्पीतून वळवला, तर तो आडवा होईल. आडवा दोर कमरेला बांधता येतो. कंबर धड होती. पाय धड होते. अंगाचं वजन तर तिच्याकडे होतंच, पण हे मी मोठ्याने बोललो नाही.

फिरती कप्पी मी काढून टाकली. तळाशी, दोराच्या खालीच, जमिनीला पक्की कप्पी बसवली. यार्डात ओझं बांधायचे रुंद पट्टे असत, त्यातला एक माझ्याकडे होता. तो कापून कमरपट्टा केला, पुढे आकडा लावला. दोराच्या दोन्ही पदरांना एकेक कडी. पडदा उघडायचा तेव्हा आकडा या कडीत, बंद करायचा तेव्हा त्या कडीत. आणि मग चालायचं, मागे, दोराकडे तोंड करून.

सराव आम्ही शाळेमागच्या सायकलींच्या शेडमध्ये केला, सकाळी, शाळा भरायच्या आधी. वरच्या लोखंडी तुळईवरून दोर सोडला, एका टोकाला वाळूचं पोतं, दुसऱ्या टोकाला ती. पहिल्यांदा तिने एकदम मागे उडी मारल्यासारखं केलं. पोतं उसळलं आणि धाडकन खाली आलं. मी सांगितलं, दोराला हिसका आवडत नाही. आधी रेल, मग पाऊल टाक. पुन्हा. तिने पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. मी पुन्हा म्हटलं. एकदाही ‘बरं जमतंय’ म्हटलं नाही, कारण जमत नव्हतं. मेहनत केली म्हणून शाबासकी द्यायची पद्धत हल्ली निघाली आहे. पोतं वर गेलं तर काम झालं. नाही गेलं तर नुसता घाम आला.

शाळेचा रखवालदार तोंडात दातवण धरून बघायला उभा राहिला. म्हणाला, काय हो ताई, भावाने बैल केलं की काय तुम्हाला?

“बैल पुढे चालतो,” बहीण दोर न सोडता म्हणाली. “एवढं माहीत नाही तर गेटवर काय बघत बसता दिवसभर?”

तो गेटवर गेला.

तिची रेल दुसऱ्या दिवशी जमली. पाऊल तिसऱ्या दिवशी. मला धास्ती होती ती वेगळीच. मागे चालताना माणूस पडतो. आमच्या यार्डात मागे चालायला सक्त मनाई होती. मी तिच्या पाठीशी हात पसरून चालत होतो, आत्ता पडेल, मग पडेल. एकदा माझाच पाय सायकलीच्या स्टँडमध्ये अडकला आणि मी तिच्या आधी बसलो. तिने मान वळवूनही पाहिलं नाही. म्हणाली, “दादा, तू बाजूला हो. फरशी पुसणारा पुढे चालतो का कधी? पुढे चालला तर पुसलेल्यावरच पाय देईल. शाळेत लागल्यापासून मी मागेच चालतेय.”

खरंच होतं. तिला मी इतक्या वेळा फरशी पुसताना पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर मी बाजूला बसून फक्त पोत्याकडे बघितलं.

मग विंगेत करून बघितलं, तर नवीन अडचण. विंग अरुंद. एका बाजूला पोशाखांच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला नाटकाची रंगवलेली भिंत. ती मागे मागे आली आणि पाठ विंगेच्या मागच्या भिंतीला टेकली, तेव्हा पडदा अर्ध्याच्या थोडा पुढे गेला होता. त्या भिंतीत एक दार होतं, व्हरांड्यात उघडणारं. ते उघडायचं आणि तसंच बाहेर चालत जायचं, एवढाच मार्ग होता. व्हरांड्याची फरशी तिच्या पायाखालची. कुठली लादी उचललेली आहे, कुठे उतार आहे, सगळं तळपायांना ठाऊक.

पण त्यात एक तोटा होता आणि तो तिला माझ्या आधी कळला. आजवर ती विंगेत उभी राहून पडदा ओढायची. पडदा सरकायचा आणि मुलांचे चेहरे दिसायचे, समोरचा अंधार आणि लोक बघून बदललेले. कुणी घाबरायचं, कुणी हसायचं, कुणाला आई दिसायची. व्हरांड्यात गेल्यावर त्यातलं काही दिसणार नव्हतं. दाराची उभी फट आणि त्यातून रंगमंचाची एक कड. प्रत्येक पावलाबरोबर तीही बारीक होत जाणार.

मी विचारलं, चालेल का?

तिने दार ढकलून पुरतं उघडलं. म्हणाली, “बघितलं नाही, तर पडदा मी उघडेन. मी नुसती बघत बसले तर मोटर उघडेल. मग चालेल.”

पोशाखातल्या तालमीला तिने पट्टा बांधला. व्हरांड्यात पुढच्या नाचाची मुलं रांगेत उभी होती. तिने त्यांना एकदाच सांगितलं, मी मागे येईन तेव्हा भिंतीला पालीसारखं चिकटायचं. मुलं चिकटली. पेटी वाजली. ती रेलली, पाऊल टाकलं, दारातून पाठमोरी बाहेर आली आणि न थांबता आली. आत पडदा पूर्ण उघडला तेव्हा समुद्राचं गाणं अजून तोंड उघडत होतं. सगळे मासे एकदम दिसले. ती जिथे थांबली तिथे मी खडूने फरशीवर रेघ मारली. रेघेपर्यंत आली की पडदा पूर्ण उघडला, असा हिशोब.

मोठ्या बाई रंगमंच सोडून व्हरांड्यात आल्या होत्या. त्यांनी विचारलं, खांदा दुखतो का? ती म्हणाली, खांद्याचं यात कामच नाही. बाईंनी पट्टा बघितला, कप्पी बघितली, खडूची रेघ बघितली. मग म्हणाल्या, ठीक आहे, मोटर नको. फक्त व्हरांडा मोकळा राहिला पाहिजे आणि तुमचे दादा इथे उभे राहतील. मला पगाराशिवाय नोकरी लागली.

मैदानी खेळ झाले. प्रदर्शन झालं. फोटो झाले, बाकं मैदानात गेली आणि परत आली. गॅदरिंगच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्याच्या टोकाला उभा राहिलो. काम एकच, कुणाला रेघेच्या आत येऊ द्यायचं नाही. आई-बाप मुलांचे केस नीट करायला घुसत होते. मी सगळ्यांना वळवलं. एका बापाने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, दोरावरचा माणूस. तो काय समजला कोण जाणे, पण मागे गेला.

एकेक कार्यक्रम पार पडला. दर वेळी ती पाठमोरी बाहेर यायची, रेघेपाशी थांबायची, आकडा सोडायची, दोर पायाने भिंतीकडे सारायची आणि परत आत जायची. चेहरा कोरडा. मध्ये एकदा फक्त म्हणाली, दादा, पाणी.

शेवटचा कार्यक्रम आठवीचा होता. शाळा सोडून जाणारा सगळा वर्ग रांगेत उभा राहून गाणार आणि त्यानंतर लगेच बक्षिसं. तिच्या लेखी हाच खरा पडदा. बाकीची मुलं पुढच्या वर्षी परत दिसतात. ही दिसत नाहीत.

मी तिच्यासाठी पाणी आणायला वळलो आणि तेवढ्यात मंडपवाल्याची माणसं बक्षिसांचं टेबल घेऊन आली. लांबलचक टेबल, त्यावर चादर, चादरीवर चषक आणि ढाली. त्यांनी ते रेघेच्या आतच टेकवलं, व्हरांड्याच्या आडवं. मी परतलो आणि ओरडायला तोंड उघडलं, तोच आत पेटी वाजली. ती दारातून पाठमोरी बाहेर येत होती.

टेबल हलवायला वेळ नव्हता. उचललं असतं तर चषक सगळे खाली. मी फक्त म्हटलं, “धाकटे, मागे टेबल आहे.”

ती थांबली नाही. टेबलाची कड पाठीला लागेपर्यंत आली. दोर ताठ होता. आत पडदा अजून थोडा बाकी होता. दोन्ही टोकांची मुलं पडद्याआड असणार, हे आम्हा दोघांनाही न बघता कळत होतं. मला वाटलं, आता संपलं. तिला तसं वाटलेलं दिसलं नाही. तिने गुडघे वाकवले, सरळ फरशीवर बसली, टाचा रोवल्या आणि बसल्या बसल्या मागे सरकली. टेबलाखाली. आधी पाठ गेली, मग डोकं, चादर पदरासारखी कपाळावर आली. वर्गातल्या बाकांखालची फरशी ती अशीच पुसते. टाचा रेटत ती सरकत राहिली आणि पट्टा रेघेवर आला तेव्हा थांबली.

आतून टाळ्या ऐकू आल्या. कडेची मुलं दिसली होती.

ती उठली नाही. उठली असती तर टेबल हललं असतं. आठवीचं गाणं सुरू झालं आणि ती टेबलाखाली बसून राहिली, चादर थोडी वर करून, दाराकडे तोंड करून. इतक्या खालून दारातून रंगमंचावरचं काय दिसत असेल असं मला वाटलं. मी वाकून बघितलं. पाय दिसत होते. आठवीच्या वर्गाचे पाय, रांगेत, पॉलिश केलेले बूट.

मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन बक्षिसं बघायला आल्या. चादरीखालून दोन पाय बाहेर आलेले पाहुण्यांना आधी दिसले. ते थबकले. बाईंनी वाकून पाहिलं.

“मावशी, तुम्ही टेबलाखाली काय करताय?”

“पडदा उघडलाय, बाई,” ती हळूच म्हणाली. “गाणं संपलं की बंद करते.”

बाईंनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग त्या मंडपवाल्याच्या माणसांकडे वळल्या. त्यांना काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. पाहुण्यांनी मात्र तिथेच उभं राहून सगळं गाणं ऐकलं. टेबलाला कुणी हात लावला नाही. गाणं संपल्यावर ती बाहेर सरकली, कपड्यांची धूळ झटकली, आत गेली, आकडा दुसऱ्या कडीत अडकवला आणि पडदा बंद केला. तोवर टेबल हललं होतं, म्हणून या वेळी उभ्याने.

घरी जाताना मी विचारलं, शेवटी चेहरे बघायला मिळाले नाहीत ना? ती म्हणाली, पाय बघितले. एक मुलगा दुसऱ्या कडव्याला एका पायाने दुसऱ्या पायाचा बूट दाबत होता. ती त्याला पाचवीपासून ओळखते. रडू आलं की तो तसंच करतो. चेहऱ्यावर त्याने काही दाखवलं नसणार, ती म्हणाली, मोठा झालाय. पण पायाला कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हत्यारं घेऊन शाळेत गेलो, कप्पी आणि कड्या काढायला. शाळेत मुलं नव्हती. ती व्हरांडा पुसत होती, मागे मागे येत. मी विंगेकडे वळलो तर म्हणाली, काढू नकोस. मोठ्या बाईंना विचारलंय. राहू दे म्हणाल्या. फक्त तेल घाल, करकरते.

मी तेल घातलं. बाहेर आलो तेव्हा ती खडूच्या रेघेपाशी पोचली होती. तिने फडकं एकदा फिरवलं, रेघ गेली. मला वाटलं, विसरली. मी म्हटलं, अगं, रेघ पुसलीस.

“खडूची काय ठेवायची,” ती म्हणाली. “सुट्टीत तेलरंग आण. पक्की मारू.”

आणि बादली मागे ओढून पुढची लादी घेतली.